पोफळचा मान

प्राप्तीचा निरोप आला तेव्हा प्रफुल्ल अनुसूयाकाकूंच्या पडवीत बसून पोह्यांवरचं खोबरं चमच्यानं उगाच इकडचं तिकडे करत होता. ‘सर, तुमचा पाळीचा करार मी रस्टमध्ये लिहून चालवला. उत्तर सेम टू सेम.’ एवढंच, आणि पुढे एक हसरा चेहरा. आता ह्यात वाईट वाटावं असं काय होतं? पण वाटलं. शेजारच्या घरातून आपल्याच मुलाचा आवाज ऐकू यावा आणि तो तिथल्या माणसांना आई-बाबा म्हणत असावा, तसं काहीसं झालं त्याला. त्यानं फोन पालथा ठेवला, मग सरळ केला, निरोप परत वाचला. वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, धप्प धप्प आवाज येत होता, आणि दर आवाजागणिक त्याला वाटत होतं की आता हिला काहीतरी उत्तर पाठवायला हवं. ‘छान’ असं त्यानं लिहिलं. पुसलं. पोहे गार झाले.

पोफळ ही त्याची भाषा. बोलायची नव्हे, रस्टसारखीच मशिनांना सांगायची. तरंग नावाचं जे जाळं होतं, त्यावर गावोगावची मशिनं एकच करार एकाच वेळी चालवत, सगळ्यांचं उत्तर जुळलं तरच त्याचा ठोकळा बनून वर मोहर बसे, आणि एकदा मोहर बसली की मग कुणाचा बाप आला तरी ती पुसता येत नसे. तिथं तलाठी नाही, वकील नाही, ‘उद्या या’ म्हणणारा कारकून नाही. करार आपला आपणच पाळला जातो. हे सगळं ऐकायला गोड, पण करारात चूक राहिली तर तीही तितक्याच इमानानं पाळली जाते, हे प्रफुल्लला फार आधी कळलं होतं. म्हणून त्यानं अशी भाषा बनवली की जिच्यात चूक करायला जागाच कमी. फाटे नाहीत, वळसे नाहीत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ. ह्याच वाडीत, ह्याच पडवीत बसून समोरच्या पोफळींकडे बघताना तिला नाव सुचलं होतं. तरंगवर करार टाकायचा तर पोफळमध्येच, दुसरी वाट नाही. पुण्याचा असो, कोचीचा असो, आधी पोफळ शिका आणि मग या. लोक शिकलेही बिचारे. सभासंमेलनांत ‘पोफळवाले सर आले’ म्हणून खुर्ची पुढे सरकवली जायची आणि प्रफुल्ल ‘अहो, कशाला, कशाला’ म्हणत तिच्यावर बसायचा. कशाला म्हणायचा, पण बसायचा. माणसाचं असंच असतं, आणि त्यात त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

प्राप्ती काशीदची. वडिलांची किनाऱ्यावर सरबताची टपरी. बेलापूरच्या ऑफिसात ती आली ती थेट त्याच्या हाताखाली, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर विचारती झाली, “सर, लोकांना जी भाषा येते तिच्यात का नाही लिहू द्यायचं?” तो हसला होता. त्या हसण्यात माया होती असं त्याला तेव्हा वाटलं होतं. “उद्या म्हणशील, ज्याला जसं पोहता येतं तसं समुद्रात पोहू द्या.” सगळे हसले, तीही हसली, “आम्ही तसंच पोहतो सर,” म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्यानंतर ती गप्प बसली आणि जोतं बांधायला लागली. जोतं हे नावही तिचंच. घर कौलारू असो की स्लॅबचं, उभं राहणार जोत्यावर. तसं कुठल्याही भाषेत लिहिलेला करार आधी मोजक्या, साध्या हुकमांत उतरायचा आणि मशिनं फक्त ते हुकूम चालवायची. वर कुणी रस्ट लिहो, पायथन लिहो, उद्या जन्माला येणारी भाषा लिहो, खाली जोतं एकच. कागदावर तिनं हे पहिल्यांदा काढून दाखवलं तेव्हा प्रफुल्लनं चष्मा पुसला होता. कागद चांगला होता. चांगला होता म्हणूनच त्यानं तो पुष्कळ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता कागद ड्रॉवरमध्ये ठेवायची सोय संपली होती. तरंगवर रीत अशी होती की नवा प्रस्ताव सगळ्यांसमोर मांडायचा आणि ठरलेल्या वेळेपर्यंत थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर ती संमती समजायची. हरकत आली तर प्रस्ताव बारगळला, पुढच्या वर्षी बघू. फक्त हरकत घेणाऱ्यानं दुरुस्ती सुचवली आणि मांडणाऱ्यानं ती मान्य केली, तर हरकत विरायची. जोत्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती आणि सगळं जाळं डोळे लावून बसलं होतं ते एका माणसाकडे. तो माणूस माणगावचं घर सोडून, बायकोला ‘शांतपणे विचार करायचाय’ असं सांगून, दिवेआगरात पोहे चिवडत बसला होता. त्याची बायको रचना तहसील कार्यालयात नोकरीला, माणसांची नस ओळखणारी. ती म्हणाली होती, “विचार करायला जाताय की खुसपट काढायला?” ह्यावर तो रागावला होता, ह्याचाच अर्थ उत्तर त्याला ठाऊक होतं.

तर खुसपट. प्रफुल्लनं लॅपटॉप उघडला. जबाबदारी असते, असं तो मनाशी म्हणाला. लोकांचे व्यवहार ह्यावर चालतात, डोळे मिटून कसं हो म्हणायचं, असंही म्हणाला. खरं होतं तेही. पण बोटं ज्या उत्साहानं चालायला लागली तो जबाबदारीचा उत्साह नव्हता. आणि त्याला सापडलंही. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या माणसाला सापडणार नाही तर कुणाला? काही भाषांमध्ये एक पेटी असते, तिच्यात नावं टाकली आणि मग एकेक बाहेर काढायला घेतली की ती टाकलेल्या क्रमानं हाती येत नाहीत, दरवेळी भलत्याच क्रमानं येतात. त्या भाषा बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, आणि एकट्या मशिनावर त्यानं काही बिघडतही नाही. पण तरंगवर? एक मशिन म्हणणार पहिलं नाव हे, दुसरं म्हणणार ते. उत्तरं जुळायची नाहीत, मोहर बसायची नाही, अख्खं जाळं जागच्या जागी ठप्प. पोफळमध्ये हा प्रश्नच नव्हता. पोफळची पेटी टाकलेला क्रम लक्षात ठेवायची. जो आधी आला तो आधी. हा नियम त्यानं स्वतः घातला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. पोरगी हे विसरली असणार. विसरणारच! त्याला इतका आनंद झाला की लाज वाटली, पण आधी आनंद झाला हे खरं.

“चहा ठेवू का अजून?” अनुसूयाकाकू दारात उभ्या होत्या, हातात फोन. दिवाळीच्या बुकिंगांचे दिवस, सकाळपासून तो फोन त्यांच्या हातातून सुटला नव्हता. “आणि प्रफुल्लराव, तुमच्या त्या कराराला जरा समजवा हो. हंगाम उघडला की पहिलं गिऱ्हाईक हरेश्वरच्या घरी. गेल्या वर्षी हरेश्वर, त्याच्या आदल्या वर्षी हरेश्वर. आमच्यापर्यंत येईतो पाहुण्यांचा उत्साह संपलेला असतो. आणि ती जनी, तिनं तर हौसेनं खोल्या रंगवल्या मेल्या, तिच्याकडे दिवाळीत माणूस फिरकत नाही.”

“काकू, नियम म्हणजे नियम. पाळी फिरते की नाही?”

“फिरते हो, पण सुरुवात कुठून होते ते बघा की.”

“हरेश्वरनं नाव आधी दिलं होतं.”

“दिलं होतं. आमची वाडी तेव्हा आडवी झाली होती, ती उभी करत होतो आम्ही,” काकू म्हणाल्या, आणि तक्रार पुढे न वाढवता चहा ठेवायला आत गेल्या.

तो पाळीचा करार म्हणजे पोफळचा पहिला नमुना. चक्रीवादळानं वाड्या झोपवल्या, त्यानंतर गावातल्या घरगुती मुक्कामवाल्यांनी एकत्र यायचं ठरवलं, आलेले पाहुणे पाळीनं वाटून घ्यायचे, भांडण नको. प्रफुल्लनं आनंदानं करार लिहून दिला. काकूंची तक्रार त्यानं तेव्हापासून ऐकलेली, आणि दरवेळी हेच उत्तर दिलेलं. आता चाचणीसाठी त्याला तोच करार बरा वाटला. प्राप्तीनं नावं ओळीनं लिहिली असणार म्हणून तिचं उत्तर जुळलं; त्यानं मुद्दाम क्रम मोडणारी पेटी घेतली, घरांची नावं टाकली, आधी हरेश्वर, मग बाकीची, शेवटाकडे अनुसूया आणि सगळ्यांत शेवटी जनी, कारण जनी सगळ्यांच्या मागाहून आली होती. हंगाम उघड आणि पहिलं घर सांग, एवढाच प्रश्न. चाचणीच्या सगळ्या मशिनांवर सोडून दिलं आणि तो हाताची घडी घालून बसला. हरकतीचा मजकूरही त्याच्या डोक्यात तयार होता, सौम्य, वडीलधारा, ‘प्रस्ताव स्तुत्य आहे, परंतु’ असा.

पहिल्या मशिनानं सांगितलं, जनी. दुसऱ्यानं, जनी. तिसऱ्यानं. सगळ्यांनी. योगायोग, तो म्हणाला, आणि पुढच्या ठोकळ्याला परत सोडलं. आता सगळी मशिनं एका तोंडानं म्हणाली, अनुसूया. परत सोडलं. हरेश्वर. परत. जनीच्या शेजारचं घर. क्रम दर ठोकळ्याला बदलत होता, पण एका ठोकळ्यात मशिनामशिनांत कुठं म्हणून फरक नव्हता. प्रफुल्ल खुर्चीत पुढे सरकला. काकूंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. त्यानं जोत्याचा तो भाग उघडला, जो त्यानं आजवर मुद्दाम वरवर वाचला होता, कारण नीट वाचला असता तर आवडला असता.

आणि आवडला. अरे देवा, किती आवडला! तिनं भाषांना सुधारायच्या भानगडीतच पडायचं टाळलं होतं. पेटी क्रम मोडते ना, मोडू दे. फक्त कशी मोडायची ते भाषेनं ठरवायचं नाही, जोतं ठरवेल. आणि जोतं कशावरून ठरवणार, तर आदल्या ठोकळ्याच्या मोहरेवरून. ती मोहर बसेपर्यंत कुणालाही माहीत नसते आणि बसल्यावर सगळ्या मशिनांकडे तीच असते. तिच्यावरून पेटी पत्त्यांसारखी पिसायची. झालं. उत्तर सगळीकडे एकच, पण पहिलेपण कुणाच्या नावावर लिहिलेलं नाही. करार लिहिणाऱ्याला हे माहीत असो नसो, त्याची भाषा कुठलीही असो, जोत्यावर आला की हे त्याला आपोआप मिळणार. जेमतेम पानभर लिखाण. त्यानं ते वाचलं आणि गाण्यात एखादी जागा भलतीच सुंदर लागली की आपण मागे नेऊन परत ऐकतो, तसं परत वाचलं. ह्यात कुठंही हुशारी दाखवलेली नव्हती. हे मला का सुचलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर इतकं जवळ उभं होतं की त्याला मान फिरवावीशी वाटली.

जो आधी आला तो आधी. हे त्यानं कुठून आणलं होतं? न्याय म्हणून आणलं होतं, खरंच न्याय म्हणून. ज्या घरात तो वाढला त्या घराला वशिला माहीत नव्हता, तिथं पहाटे उठून रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर मिळवायचा हीच काय ती ताकद. आजोबा भागोजी शिमग्याच्या पालखीपुढे ढोल वाजवायचे. पालखी आधी खोताच्या दारी, मग मानकऱ्यांच्या, मग उतरत उतरत बाकीच्यांच्या, आणि ज्याच्या ढोलावर ती नाचायची त्याच्या दारी कधीच नाही. छप्पन्न साल उजाडलं, दीक्षा झाली, भागोजींनी ढोल खाली ठेवला तो ठेवलाच. हे सगळं प्रफुल्लनं बाबांकडून ऐकलेलं. बाबा माणगावच्या शाळेत गुरुजी, भाषा छापील, पण मनातलं बोलायचे तेव्हा गावची भाषा यायची तोंडात. लहानपणी त्यानं विचारलं होतं, “मग आजोबांनी सांगायचं ना, शेवटी तर शेवटी, पण आमच्याकडं पण आणा म्हणून.” बाबा वह्या तपासत होते. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. “शेवटचा नंबर मिळावा म्हणून न्हाय बाहेर पडलो, बाळा. रांगच नको म्हणून बाहेर पडलो.” त्याला तेव्हा ते समजलं नव्हतं, समजल्यासारखी मान मात्र हलवली होती. आणि मोठा होऊन त्यानं काय केलं? एक रांग बनवली. स्वच्छ, सरळ, बिनफाट्याची, कुणी मध्ये घुसू शकणार नाही अशी. तिच्या तोंडाशी हरेश्वर आणि शेपटाला जनी. जनी त्याच्याच वस्तीसारख्या वस्तीतली, तिच्या घरात तसबीर तीच, वंदना तीच, आणि ती मागाहून आली कारण तिच्यापाशी रंगवायला खोल्या मागाहून आल्या. हरेश्वरचा ह्यात काय दोष? कुणाचाच नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं त्यांना तो ‘नियम म्हणजे नियम’ म्हणत राहिला.

तो उठला, वाडीत गेला. पोफळींच्या मधल्या पाटाला पाणी सोडलेलं होतं, चपला भिजल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. बरं, रांग एकाच करारात होती का? तरंगवर पहिली कोण, पोफळ. पोफळमध्ये पहिला कोण, तो. खुर्ची पुढे सरकते ती कुणासाठी? त्याला एकदम आठवलं की प्रस्तावात अगदी शेवटी एक कलम होतं, आणि तो धावतच परत आला. होतं. ‘पोफळमधले करार जोत्यावरून येण्याची गरज नाही. त्यांची सध्याची थेट वाट कायम राहील.’ सगळ्या भाषांना एक दार आणि पोफळला वेगळं, मानाचं. कारण दिलेलं नव्हतं. तांत्रिक कारण नव्हतंच मुळी. सरांचा मान राखायचा म्हणून पोरीनं प्रेमानं ठेवलेलं ते दार होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्या प्रेमामुळे आलं की त्या दारामुळे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्यानं हरकत घेतली.

फोन लगेच वाजला. “सर?” प्राप्ती होती. “सर, तुम्ही हरकत घेतली?”

“वाचलीस का?”

“नाही वाचली. तुमचं नाव दिसलं आणि पुढे वाचवेनाच.”

“वाच आधी. मी थांबतो.”

तिनं हरकत शेवटपर्यंत वाचली. मग हळू आवाजात ती म्हणाली, “सर, पण ते कलम मी तुमच्यासाठी ठेवलं होतं.”

“ठाऊक आहे मला. काढून टाक.”

“पण मग पोफळ थांबेल ना! जुने करार चालू राहतील, पण नवे? पोफळ जोत्यावर उतरवणारा अनुवादकच नाहीये आपल्याकडे. बाकी सगळ्यांचा आहे. म्हणजे आजपासून सगळ्या भाषा चालू आणि फक्त पोफळ बंद. लोग क्या बोलेंगे, सर? माझ्यावर येईल, की हिनं सरांचीच भाषा बाहेर काढली.”

“हरकतीवर माझं नाव आहे की तुझं?”

“तुमचं.”

“मग झालं तर. आणि अनुवादक मी लिहितो. पहिला तुकडा आजच पाठवतो. तू तपास.”

“मी? तुमचं काम?”

“का? बाकी सगळ्यांचं तपासतेस ना?”

प्रफुल्लला वाटलं, आता जे म्हणायचं ते म्हणून टाकावं, नाहीतर पुन्हा ड्रॉवरमध्ये जाईल. “प्राप्ती, ते पेटी पिसण्याचं जे केलंयस ना, ते फार सुंदर आहे. मी सकाळपासून त्यात चूक काढायला बसलो होतो. खरंच सांगतो, चूक काढायलाच. मला ते जन्मात सुचलं नसतं. कुठून आणलंस?”

“तुम्हाला दिसलं ते?” तिचा आवाज एकदम उजळला. “कुणी विचारलंच नाही सर त्याबद्दल! अहो, ते आमच्या काशीदचं आहे. बीचवर टपऱ्यांच्या जागांवरून भांडणं व्हायची. पार्किंगपाशी ज्याची टपरी त्याचा धंदा. मग दर हंगामाला चिठ्ठ्या टाकायला लागले. शाळेतली एखादी पोरगी बोलवायची आणि तिनं काढायच्या. बरेचदा मीच असायचे. चिठ्ठी उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसायचं, आणि उघडली की सगळ्यांना एकच नाव दिसायचं. भांडण खतम. मला वाटलं, मशिनांना पण हेच पाहिजे.”

“आणि तुझ्या बाबांची टपरी कुठं आली?”

“एकदा पार्किंगपाशी, एकदा पार सुरूच्या बनात. त्या वर्षी आम्ही सरबत प्यायलो घरीच.” ती हसली, तोही हसला, आणि ह्या खेपेच्या त्याच्या हसण्यात माया होती.

पाचाच्या आत तिनं दुरुस्ती मान्य केली, हरकत विरली, जोतं सुरू झालं. पडद्यावर नव्या नव्या भाषांतले करार एकामागून एक येताना दिसायला लागले. कुठल्या कुठल्या गावचे लोक, जे पोफळ कधी शिकलेच नसते, ते आपल्याला येणाऱ्या भाषेत लिहून आत येत होते आणि एकाच दारानं येत होते. प्रफुल्ल ते बघत राहिला. त्या गर्दीत पोफळ कुठंच नव्हती. ते बघून आत काहीतरी दुखलं, नाही असं नाही. भाषा म्हणजे काही निर्जीव वस्तू नव्हे, तिच्यावर उमर गेलेली असते. पण दुखत होतं तरी नजर हटवावीशी वाटेना, इतकं ते चांगलं चाललं होतं. मग त्यानं नवं पान उघडलं आणि पोफळचा अनुवादक लिहायला घेतला. आपलीच भाषा परक्या नजरेनं बघावी लागत होती, हा शब्द म्हणजे नक्की काय, तो शब्द कशाला ठेवला होता. मधेच एखाद्या जागी तो स्वतःशी म्हणे, वा, हे चांगलं केलं होतं हं मी! आणि दुसऱ्या एखाद्या जागी कपाळावर हात मारून घेई. उन्हं पोफळींच्या शेंड्यांवर गेली तेव्हा पहिला तुकडा तयार झाला. त्यानं तो पाठवला आणि पडवीत येरझारा घालायला लागला.

तुकडा परत आला. खाली प्राप्तीचा शेरा होता, सर-बिर काही न म्हणता, जसा ती बाकी सगळ्यांना लिहायची तसा: ‘इथं आकडा मावेनासा झाला तर काय होईल ते बघितलेलं नाही. मंजूर करता येत नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.’

त्यानं बघितलं. खरंच बघितलेलं नव्हतं. किती वर्षं तो कामं पाठवत होता आणि किती वर्षं ती ‘ग्रेट, सर’ म्हणून तशीच्या तशी मंजूर होत होती! तो एवढ्या मोठ्यानं हसला की काकू हातातला फोन तसाच धरून बाहेर आल्या.

“काय हो, काय झालं?”

“काकू, माझं काम परत आलं! नापास केलं तिनं!”

“अगोबाई! मग असे दात काय काढताय?”

“अहो, कुणीतरी वाचलं ना!”